अनोळखी डबा

आमच्या पिठाच्या चक्कीवर डब्याला चिठ्ठी लावत नाहीत. आमच्या नंदनवन वस्तीत दुसऱ्याही चक्क्या आहेत. तिथे डब्यात नावाचा कागद टाकतात, झाकणावर पेनाने लिहितात, आता तर कोणी कोणी मोबाईलवर फोटोसुद्धा काढून ठेवतो. मला त्याची गरज पडली नाही. डबा समोर आला की तो कोणत्या घरचा ते मला कळतं. एखाद्याच्या बुडाला पोचा असतो, एखाद्याचं झाकण दुसऱ्याच डब्याचं असतं, एखादी बाई जुन्या लुगड्याच्या काठाने तोंड बांधून आणते. मी दुसरीपर्यंत शाळेत गेलो. तिसरीत जायचं राहून गेलं, ते राहूनच गेलं. अक्षरं मला येतात, पण डब्यांइतकी ती कधी माझ्या जवळची झाली नाहीत. हे लिहितानाही मी लिहितो, सून शुद्ध करते, आणि तिचं शुद्ध केलेलं मला पटलं नाही तर मी ते परत मोडतो.

एक नियम मात्र चक्कीवर कडक आहे. अनोळखी डबा आला तर विचारायचं. मोठ्याने विचारायचं, "कोणाचा गा डबा?" अंदाज करायचा नाही. माझ्याकडे कामाला असलेल्या एकाने मागे असाच अंदाज केला आणि एका घरच्या उपासाच्या राजगिऱ्यात ज्वारी गेली. त्या घरची आजी अजूनही चक्कीसमोरून जाताना तोंड दुसरीकडे करते. विचारलं असतं तर कोणाचं काही गेलं नसतं.

माझी नात या डब्यांमध्येच मोठी झाली. मुलगा कन्हानकडे कोळशाच्या खाणीत वर्कशॉपला आहे, सून एका पतसंस्थेत बसते. म्हणून शाळा सुटली की नात माझ्याजवळ, रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्यावर. शाळेत जायच्या आधीपासून तिला डबे ओळखता यायचे. बाई अजून कोपऱ्यावर असायची आणि ही म्हणायची, "आबाजी, शेवयावाल्या काकूचा डबा येऊन राहिला." बोलायला तर अशी की ऐकत बसावं. एक दिवस तिने मला विचारलं, चक्की उलटी फिरवली तर पिठाचे परत गहू होतील का. मी म्हटलं नाही होणार. तिने विचारलं, तुम्ही फिरवून पाहिली का? नव्हती पाहिली. मला अजून वाटतं, पाहायला पाहिजे होती.

अशी पोर शाळेत मागे आहे, हे मला पटायचं कारणच नव्हतं.

पाचवीत गेल्यावर शाळेच्या मोठ्या बाईंनी सुनेला बोलावून घेतलं. शाळा खाजगी, घरापासून पायी जाण्यासारखी. बाईंनी चहा मागवला, चांगल्या बोलल्या. मुलगी गोड आहे, पण वाचन नाही, लिहिणं नाही. पाचवीची परीक्षा आता खरी परीक्षा आहे, नापास झाली तर त्याच वर्गात बसावं लागतं. लहान लेकरांत बसेल, मन मोडेल. त्यापेक्षा आत्ताच दाखला काढून घ्या आणि तिच्यासारख्या मुलांच्या शाळेत घाला. आणि तुम्हाला वाटत असेल तर सरकारी दवाखान्यातून तपासणी करून आणा, मग पाहू.

सून घरी आली आणि सगळं सांगून मोरीवर बसली. भांडी जोरात घासली. नात तिच्याजवळ जाऊन बसली आणि एकच गोष्ट विचारत राहिली, की माझ्या बेंचवरची मैत्रीण पण त्या शाळेत येईल का. तिला दुसरं काही नको होतं. त्याच वर्गात, त्याच बेंचवर, त्याच पोरीशेजारी बसायचं होतं.

दवाखान्यात न्यायचं मीच ठरवलं. आणि तिला तयार करून नेलं.

आमच्या घराची ती रीत आहे. पाहुणा आला की लेकराला उभं करायचं. पाढे म्हणून दाखव, श्लोक म्हणून दाखव. माझ्या वडिलांनी मला उभं केलं, मी माझ्या मुलाला केलं. चार लोकांपुढे लेकराने येत नाही म्हणायचं नाही, एवढं शिकवलेलं असतं. म्हणून जायच्या आधी रोज संध्याकाळी सून तिला पुस्तकातला एक धडा वाचून दाखवायची आणि मी तो तिच्याकडून म्हणून घ्यायचो. तळ्याचा धडा होता, वर मोठं चित्र. त्या दिवशी बुढीने, म्हणजे माझ्या बायकोने, तिला तेल लावून दोन वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. दवाखान्यात गर्दी होती. तपासणाऱ्या बाईंनी तिच्याच दप्तरातलं पुस्तक काढायला सांगितलं आणि कुठलाही एक धडा वाच म्हणाल्या. नातीने तळं उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाचलं. मध्ये बोटही फिरवलं ओळींवरून.

कागदावर आलं की वयाच्या मानाने वाचन ठीक आहे, सरावाची गरज आहे. मी परत येताना बालूशाही घेतली. सगळ्यांनी खाल्ली, सुनेने नाही खाल्ली. म्हणाली, मामाजी, आता काय करायचं? आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. मला तिचा प्रश्नच कळला नाही. पास होऊन आली ना पोर.

शाळेने तो कागद पाहिला आणि म्हटलं, म्हणजे आजार काही नाही, आळस आहे. मग कशाची सवलत? बसवा परीक्षेला, नाहीतर दाखला काढा.

चक्कीवर सगळ्या गावाची बातमी पिठासोबत पडते. दळण घ्यायला येणाऱ्या एका बाईने सुनेला सांगितलं की जिल्हा कोर्टात एक खोली आहे, तिथे लेकरांच्या शाळेच्या भानगडीसाठीही फुकट वकील मिळतो. मला नवल वाटलं. मी समजायचो की कायदा म्हणजे शेताचा बांध, मारामारी, सोडचिठ्ठी. पाचवीतल्या पोरीच्या वाचनात कोर्टाला काय गोडी? ते पाहायलाच मी गेलो म्हटलं तरी चालेल. सुनेने सुट्टी टाकली आणि नातीला घेऊन आम्ही तिघं गेलो.

खोली लहान होती. काळा कोट खुर्चीच्या पाठीला टांगलेला, आणि वकीलबाई स्वेटर घालून नाक पुसत बसलेल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं की आम्ही फुकटचं घेत नाही. तुमची फी सांगा. चक्की माझी स्वतःची आहे.

त्या म्हणाल्या, "काकाजी, केस तुमची नाही. हिची आहे. लेकराकडून फी घेत नाहीत. तुम्ही श्रीमंत असा नाहीतर गरीब असा."

"म्हंजे कलेक्टरची पोरगी आली तरी?"

"तरी. लेकरू आहे ना."

हे मला आवडलं. गरीब म्हणून दिलेलं मी घेतलं नसतं आणि उठून आलो असतो, ते सुनेला माहीत होतं, म्हणून ती माझ्या सदऱ्याचं टोक धरूनच बसली होती. मी बसलो.

मग वकीलबाईंनी विचारलं, हिला काय येत नाही? सून खाली पाहायला लागली. सांगायचं काम माझ्याकडे आलं, तर मी सांगितलं की बोलणं पाहा, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते, हिशोब तोंडी करते, पाहुण्यांना पाणी देते, आजीचे पाय चेपते. त्या ऐकत राहिल्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "काकाजी, मी मुलगी पाहायला नाही आली. तुम्ही तर मला स्थळ दाखवून राहिले."

सुनेला हसू आलं. पुष्कळ दिवसांनी ती हसली होती, म्हणून मी रागावलो नाही.

नंतर त्यांनी दोन गोष्टी समजावल्या, आणि त्या मला कळेपर्यंत परत परत समजावल्या. मी विचारतही राहिलो. पहिली ही की पोर आठवी होईपर्यंत शाळेला तिचं नाव काढता येत नाही. दाखला घ्या म्हणून गोड बोलणं हेही काढणंच झालं. तेवढं एक पत्र लिहून त्या थांबवणार होत्या. पण दुसरी गोष्ट पत्राने होणारी नव्हती. परीक्षेत तिच्याजवळ प्रश्न वाचून दाखवणारं माणूस बसावं, वेळ जास्त मिळावा, तोंडी उत्तर चालावं, हे सगळं तिला मिळू शकतं, पण त्याला दवाखान्याचा कागद लागतो. आणि कागद तर म्हणत होता की पोर ठीक आहे.

मी म्हटलं, हे कायद्यात लिहिलेलं आहे? वाचता न येणं?

"लिहिलेलं आहे. डोळ्याने न दिसणं आहे, कानाने ऐकू न येणं आहे, तसंच हुशार असूनही अक्षर न लागणं आहे."

कोण कुठे दिल्लीत बसलेल्या माणसाच्या मनात हे आलं असेल, याचा मी विचार करत राहिलो. त्याच्याही घरी असं एखादं लेकरू असावं. मग मी विचारलं की माझी तिसरी राहून गेली, तेही यात बसते का. त्या नाक पुसत म्हणाल्या, "काकाजी, तुमच्या केसची मुदत गेली."

उठता उठता त्यांनी कागद पुन्हा वाचला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, घरी एक करा. तिने कधी न पाहिलेलं काही वाचायला द्या. रागावू नका, शिकवू नका, फक्त पाहा.

मला कोणी फक्त पाहा म्हटलं की मी पाहतो. यंत्र बिघडलं की मी आधी हात लावत नाही, आवाज ऐकत बसतो. त्या संध्याकाळी चक्की बंद केल्यावर मी नातीला तळ्याचा धडा काढायला लावला. वाचला तिने, धडधड. मग मी बाजूची चहाची बशी उचलली आणि चित्रावर ठेवली. म्हटलं, आता वाच.

ती थांबली. बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बोट ओळीवर होतं, पण तोंडातून काही येईना. मी बशी उचलली. गाडी चालू झाली. परत ठेवली, परत बंद. चित्राचा एक कोपरा उघडा ठेवला, कमळाचा, तर तिने मधूनच कमळाच्या ओळीपासून सुरू केलं. मी दुसरा धडा काढला, जो सुनेने वाचून दाखवला नव्हता. तिथे ती चित्र पाहून आपल्या मनाने एक गोष्ट सांगायला लागली, पुस्तकात नसलेली. आणि गोष्ट चांगली होती.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटायच्या आधी गंमत वाटली. एवढा मोठा धडा हिने डब्यासारखा ओळखून ठेवला होता. हा पोचा, हे झाकण, हा काठ. पानाच्या कोणत्या बाजूला काय आहे, कुठे श्वास घ्यायचा, बोट कुठे पोचायला पाहिजे, सगळं. मीही हेच करत आलो आहे. पण मला निदान डब्यावर लिहिलेलं नाव हळूहळू का होईना लागतं.

कोणीतरी मला सांगितलं होतं की अशा लेकरांना अक्षरं नाचताना दिसतात. मी तिला विचारलं, अक्षरं नाचतात का वं तुझ्यापुढे? ती हसली. म्हणाली, "नाचत नाही, आबाजी. चूप बसून राह्यतात. पण नवीन स्टीलच्या डब्यावाणी आहेत. सारेच सारखे. कोणता कोणाचा ते कळत नाही."

मी तिला म्हटलं, मग दवाखान्यात तसं सांगायचं होतं ना. ती म्हणाली, तुम्हीच तर सांगितलं होतं, येत नाही म्हणायचं नाही.

मी उठून पट्ट्यावरचं पीठ झाडलं. बुढी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "घ्या. पोरीले पास केलं अन् तुम्ही नापास झाले." मी तिला जेवण वाढायला सांगितलं.

वकीलबाईंनी शाळेला पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते मला सुनेने वाचून दाखवलं. एकही वाकडा शब्द नव्हता, तरी शाळेने दाखल्याचं नाव परत काढलं नाही. मला वाटलं होतं कायद्याचं पत्र म्हणजे धमकी असते. हे तर घरच्या आमंत्रणासारखं होतं, फक्त नाही म्हणायची जागा ठेवली नव्हती. दवाखान्यालाही त्यांनी अर्ज केला की तपासणी परत व्हावी. तारीख मिळाली ती परीक्षेच्या थोडी आधीची. त्या म्हणाल्या, काकाजी, परीक्षेच्या आधी परत तिसरी संधी मिळणार नाही. या वेळी तिला जशी आहे तशी जाऊ द्या.

मी जाऊ दिली. या वेळी रिबिनी नाहीत, धडा नाही, शाळेचं दप्तरही नाही. वाटेत मी तिला एकही गोष्ट शिकवली नाही, आणि ते मला सोपं गेलं नाही. ऑटोत बसल्या बसल्या माझी जीभ वळवळत होती.

या वेळी तपासणारे एक शांत गृहस्थ होते, आवाज खालचा. त्यांनी तिला आत नेलं आणि दार लावून घेतलं. सून आणि मी बाहेर बाकावर. आत काय विचारतात, कसं मोजतात, वाचता न येणं कोणत्या मापाने मोजत असतील, हे मला फार जाणून घ्यायचं होतं. दाराला कान लावणार होतो, पण सुनेने पाहिलं.

बऱ्याच वेळाने ते गृहस्थ बाहेर आले. म्हणाले, मुलगी फार सहकार्य करते, पण करते आहे ते वाचन नाही. पान दिलं की मनाने काहीतरी सांगते, अगदी ठामपणे. शब्द दिला की दुसराच शब्द सांगते, पण न अडता. येत नाही असं एकदाही म्हणत नाही. कुठे अडते तेच मला दिसत नाही, आणि ते दिसलं नाही तर मला लिहिता येणार नाही. घरचं कोणीतरी आत या आणि तिला फक्त धीर द्या. उत्तर सांगू नका.

सून उठली. मी म्हटलं, मी जातो. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की ती मला सासरा म्हणून नाही, मागच्या वेळचा गुन्हेगार म्हणून पाहत होती. पण परत बसली.

आत टेबलावर कागद होते, एकावरही चित्र नव्हतं. नात ताठ बसली होती, हात मांडीवर, पाहुण्यांपुढे बसते तशी. मला पाहून तिने आणखी पाठ ताठ केली. ते पाहिलं आणि मला कळलं की ही अजून माझंच काम करून राहिली आहे. धीर द्या म्हणाले होते. मी पाठीवर हात फिरवून घाबरू नको म्हटलं असतं तर ती आणखी जोरात खोटं वाचली असती.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "चक्कीवर अनोळखी डबा आला तं आपण काय करतो वं?"

ती म्हणाली, "विचारतो."

"अंदाज करतो का?"

"नाही. राजगिऱ्यात ज्वारी जाते."

"मंग हे सारे डबेच समज. ओळखीचा असंल तं नाव सांग. नसंल तं ओळखीचा नाही म्हण. इथं आपली चक्की आहे."

तिने मांडीवरचे हात टेबलावर आणले. मग हळूच विचारलं, "तुम्ही रागावणार नाही?"

मी म्हटलं, चक्कीवर विचारलं म्हणून मी कोणावर रागावलो का आजपर्यंत? तिने विचार केला आणि नाही म्हणून मान हलवली.

त्या गृहस्थांनी मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू दिलं, तोंड भिंतीकडे करून. मी भिंतीकडे पाहत ऐकत राहिलो. कागद सरकल्याचा आवाज यायचा आणि मग तिचा आवाज. हा ओळखीचा. हा ओळखीचा नाही. हाही नाही. हा पाहिल्यासारखा वाटते, पण कोणाचा आहे ते आठवत नाही. ओळखीच्या डब्यांपेक्षा अनोळखी कितीतरी जास्त होते. पण आवाज बदलला होता. पाहुण्यांसमोरचा तो गाण्यासारखा सूर गेला आणि पोत्यावर बसून बोलते तो आला. मध्ये तिने त्या गृहस्थांनाच विचारलं, तुम्हाला हे सगळे ओळखता येतात का? ते हो म्हणाले. तिने विचारलं, लहानपणापासूनच? तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलेला मी ऐकला.

या वेळचा कागद आला त्यात जे आहे ते आलं. मला तो सुनेने वाचून दाखवला. माझ्या नातीत काय कमी आहे हे मोठ्या अक्षरांत, शिक्क्यासह लिहिलेलं होतं, आणि त्या कागदाची माझ्या घरात मिठाई वाटण्यासारखी खुशी झाली. असं का होतं ते मी अजून नीट समजलो नाही. वकीलबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, छान, आता शाळेला दुसरं पत्र. त्यांची सर्दी गेली होती.

परीक्षेच्या दिवशी शाळेने तिला वेगळ्या खोलीत बसवलं आणि दुसऱ्या वर्गाच्या एक बाई प्रश्न वाचायला दिल्या. मी घ्यायला गेलो तर बाकीची सगळी पोरं निघून गेली होती, फाटकाजवळचा बोरंवालाही टोपली उचलत होता, आणि ही अजून आत. जास्तीचा वेळ म्हणजे काय ते मला तेव्हा दिसलं. तिची मैत्रीण मात्र फाटकाशी थांबलेली होती, माझ्यासोबत.

ती आली ती पेन हलवत. मी विचारलं, कसं गेलं?

"म्याडम बातम्यावाणी वाचत होत्या. एका दमात."

"मंग तू काय केलं?"

"मी म्हटलं, ओळखीचं नाही झालं, परत वाचा."

"त्या रागावल्या?"

"काहून रागावतील? त्याहीले वाचाच लागते. कायदा आहे नं."

मैत्रिणीने विचारलं की तुला कोणता कायदा आहे, आणि मग घरापर्यंत दोघी त्यावरच बोलत आल्या. मी मागून चालत ऐकत होतो. नातीने तिला जे समजावलं त्यात थोडं वकीलबाईंचं होतं आणि बाकी चक्कीचं.

ती सहावीत आहे आता. त्याच बेंचवर. वाचन अजून नाही, शाळेत आठवड्यातून काही तास एक बाई वेगळं शिकवायला येतात, त्याचा थोडा फरक पडतो म्हणतात. पण घरी कोणीतरी रोज पुस्तक वाचून दाखवायला पाहिजे, असं त्या शांत गृहस्थांनी सांगितलं होतं. सून थकून येते. म्हणून दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा मी चक्की थांबवतो आणि वाचतो. मी हळू वाचतो. जोडाक्षर आलं की थांबतो. ती पोत्यावर डोळे मिटून बसलेली असते, आणि मी अडलो की माझ्या आधी तो शब्द सांगून मोकळी होते.

परवा मी तिला टोकलं, म्हटलं, अंदाज नाही करायचा. ती डोळे न उघडता म्हणाली, "हा अंदाज नाही, आबाजी. मागून जे येऊन राहिलं त्याच्यावरून तोच असू शकते."

मी म्हटलं नाही, दुसराच आहे. वाद झाला. संध्याकाळी सून आली तेव्हा तिच्यापुढे पुस्तक ठेवलं. तिने पाहिलं आणि नातीचा शब्द बरोबर आहे म्हणाली. छपाई पुसट होती. मी अजून मानलेलं नाही.